तिसऱ्या नकोपर्यंत

लोणावळ्याच्या बाजूला आठवडाभर राहून मी चिक्की आणली नाही, धरण पाहिलं नाही आणि एकाही पॉइंटवर उभं राहून फोटो काढला नाही, हे नाशिकला परतल्यावर घरात कोणाला पटेना. "मग तिथे केलंस काय?" आईने विचारलं. जेवले, असं सांगितलं तर ती हसली. इंदुरी हे तिचं माहेर, त्यामुळे मावळात खाण्यासारखं काय आहे ते सगळं आपल्याला माहीत आहे असं तिला वाटतं. हे तिच्यासाठी लिहिते आहे, आणि द्रुतगती मार्गावरून जाताना ज्यांना उर्से म्हणजे फक्त टोलनाका वाटतो त्यांच्यासाठीही.

इंदुरी

मी गेले होते मामेबहिणीच्या, शुभांगीच्या, साखरपुड्याला. आईला येणं जमलं नाही, म्हणून घरातून मी एकटीच. माघातली थंडी होती. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, इंद्रायणीवर सकाळी धुकं, आणि गढीच्या दरवाजापाशी म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. मामांच्या घरात मात्र वातावरण तापलेलं होतं, आणि ते जेवणावरून.

शुभांगी तळेगावच्या एका कंपनीत नोकरी करते. तिच्या ऑफिसात बिहारपासून केरळपर्यंत सगळीकडची माणसं आहेत आणि दुपारच्या सुट्टीत ती सगळी आपापल्या गावाकडच्या लहानशा खानावळी शोधून काढतात. त्यांच्याबरोबर जेवून जेवून हिने मनाशी ठरवलं होतं, की आपल्या साखरपुड्याला पुरी, मसालेभात, मटकी आणि जिलेबी नको. काहीतरी वेगळं हवं.

"आचारी ठरलाय," मामा म्हणाले.

"ठरलेला नाही, पप्पा. तुम्ही ठरवणार आहात."

"मग? लोकान्ला नूडल घालू का? अगं, पंगतीतनं मानूस अर्धपोटी उठला तर गाव वर्सानुवर्सं काढतं. आन तुझ्या सासरचे तर जल्मभर काढतील. नाक माजं कापलं जाईल, तुजं न्हाई."

मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नाक तुमचं, लगीन तिचं. जरा तिचं बी ऐका."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात चहा पीत होते आणि कोणी आपल्याकडे पाहू नये अशी इच्छा करत होते.

"ही नाशकाची पाव्हनी खाऊन येऊ दे," ते म्हणाले. "शुबीला काय, तिचं आधीच ठरलंय. ही बोलत न्हाई, म्हंजी खोटं बी बोलत न्हाई. हिला पटलं आन मग मला पटलं, तर बगू."

शुभांगीला रजा नव्हती. तिने मला तिच्या स्कूटीची किल्ली दिली आणि तीन नावं सांगितली. मी एकटीने कधीही हॉटेलात जेवले नव्हते. घरी बाबाच ऑर्डर देतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीची एक अडचण असते: मराठी बोलताना चुकेल म्हणून ती गप्प बसते आणि इंग्रजी बोलली तर शिष्ट वाटेल म्हणूनही गप्प बसते. मग तिचं ताट कोणीतरी दुसराच ठरवतो. आता दोनशे माणसांचं ताट मला ठरवायचं होतं.

तळेगाव

पहिली खानावळ एमआयडीसीच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली. बाहेर गोवऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर ओळीने भाजत ठेवलेले पिठाचे गोळे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्या नाशिककडे, आणि पुढे खानदेशात तर जास्तच, वरण-बट्टी होते. तोंड उघडायला काहीतरी निमित्त हवं होतं, ते मिळालं.

"ही बट्टी ना?" मी शेगडीपाशी बसलेल्या माणसाला विचारलं.

"लिट्टी," तो म्हणाला. राग नव्हता, पण सुधारणा ठाम होती. "बट्टी में क्या रहता है अंदर?"

"काही नाही."

"तो फिर?" त्याने एक लिट्टी फोडून दाखवली. आत भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात लसूण, ओवा, लोणच्याचा खार. ती त्याने तुपात बुडवली आणि भाजलेल्या वांग्याच्या भरताशेजारी ठेवली. त्या भरताला तो चोखा म्हणत होता. आपल्या भरतासारखा त्याला फोडणीचा सोस नाही. कच्चं मोहरीचं तेल नाकात जातं आणि डोळ्यांतून बाहेर पडतं. मी तीन खाल्ल्या.

साखरपुड्याचं विचारलं तेव्हा त्याने आधी किती माणसं ते विचारलं, मग शेगडीकडे पाहिलं. "दे तो देंगे. लेकिन दो सौ लोगों को गरम नहीं मिलेगी. और ठंडी लिट्टी हम दुश्मन को भी नहीं खिलाते."

मला हा माणूस फार आवडला. पण पहिलं नाव गेलं.

तुंगार्ली

दुसऱ्या दिवशी लोकलने लोणावळा. स्टेशनाबाहेर चिक्कीची दुकानं ओळीने हाका मारतात. मी मान खाली घालून रिक्षात बसले. तुंगार्लीत तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जुने बंगले आहेत, बरेचसे बंद. त्यातल्या एकाच्या मागच्या खोल्यांत फ्रेनी आंटी नावाच्या पारशी बाई चार टेबलं मांडून जेवण देतात. पाटी नाही. दारातली खडूच्या भुकटीची पारशी रांगोळी आणि आतून येणारा मसाल्याचा वास, एवढीच खूण.

त्यांनी मला काय हवं ते विचारलंच नाही. "बस, डिकरी. आज धानसाक हाय," एवढं म्हणून आत गेल्या. माझ्यासाठी यापेक्षा चांगलं हॉटेल असू शकत नव्हतं.

धानसाक म्हणजे डाळींचं आणि भाज्यांचं घट्ट कालवण. शुभांगीने आधीच फोन करून माझ्यासाठी बिनमटणाचं सांगून ठेवलं होतं. त्याच्याबरोबर साखर जाळून रंगवलेला तपकिरी भात आणि कांद्याचं कचुंबर. आपल्या आमटीला एक चव असते आणि ती लगेच सांगता येते. याच्यात मेथी, भोपळा, चिंच सगळं एकमेकांत असं मुरलेलं की मी प्रत्येक घासाला नवं काहीतरी ओळखत होते. ताट संपेपर्यंत माझा निर्णय झाला होता. सगळा धीर गोळा करून मी म्हणाले, "आंटी, माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला हेच करून द्याल का?"

फ्रेनी आंटींनी हातातला वाडगा खाली ठेवला.

"धानसाक? साखरपुड्याला?"

"हो. दोनशे माणसं."

"अगं, तुझ्या बहिणीने तुझा काय बिगाडला?" त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "आमच्यात कोण मेला ना, तर चौथ्या दिवशी धानसाक करते. तीन दिवस मटण बंद, मग धानसाक. रविवारी आपला असाच खाते, झोपते. पण शुभ कामाला? कधीच नाय. मुलाचा बाप पारशी असता तर हातात नारळ घेऊन परत गेला असता."

"ते मावळातले आहेत," मी म्हणाले.

"ते असेल. पण मला माहीत हाय ना," आंटी म्हणाल्या, आणि विषय संपला. निघताना त्यांनी मला गोड शेवयांचा डबा दिला. शुभ कामाला आमच्यात हे, शुभांगीला भरव म्हणाल्या. परतीच्या लोकलमध्ये तो डबा मांडीवर धरून बसले तेव्हा मला जाणवलं, की आज मी एका अनोळखी बाईशी अर्धा तास बोलले होते.

उर्से

तिसरं नाव टोलनाक्याच्या अलीकडे, गावात शिरणाऱ्या रस्त्यावर. वर मल्याळी अक्षरं, खाली मराठीत 'केरळ भोजनालय'. आत कंपनीच्या निळ्या शर्टातले कामगार आणि ट्रकचालक, समोर केळीची पानं. चालवणाऱ्या बाईंना सगळे चेची म्हणतात, म्हणजे ताई. त्यांचे यजमान कृष्णन पांढरी लुंगी अर्धी वर दुमडून स्टीलची बादली घेऊन ओळीतून इतक्या वेगाने फिरतात की वाढणं आणि पुढे सरकणं ही एकच हालचाल वाटते.

पानाची मांडणी पाहून मी चकित झाले. मीठ, लोणचं डावीकडे, आपल्यासारखंच. मग नारळ घातलेली कोबीची परतलेली भाजी, दह्यातली पच्चडी, आणि अवियल: शेवग्याच्या शेंगा, सुरण, कच्ची केळी, भोपळा, सगळं नारळाच्या वाटणात आणि वरून खोबरेल. खोबरेल केसांना लावतात अशा घरात मी वाढले आहे. पहिला घास डोळे मिटून घेतला, दुसरा डोळे उघडून. मग डाळ-तूप, मग सांबार, मग रस्सम, आणि शेवटी पानावरच ओतलेलं गुळाचं, नारळाच्या दुधातलं पायसम. ते पानावरून पळायच्या आत खायचं असतं. कडेला भाताचा बांध घालून शेजारचा ट्रकचालक ते अडवत होता. मीही तसंच केलं.

पायसमची बादली परत आली. "और?" कृष्णननी विचारलं.

"नको," मी म्हणाले.

मला हवं होतं. पण नको हे तोंडातून आपोआप निघतं. बादली गेली. ट्रकचालकाने तिसऱ्यांदा घेतलं आणि मी त्याच्या पानाकडे पाहत बसले. आपल्या बुजरेपणाला मी मनात चार शब्द सुनावले. चूक फक्त माझ्या स्वभावाची आहे अशीच माझी समजूत होती.

गर्दी ओसरल्यावर चेची बाहेर आल्या. मी हिंदीची तयारी करत होते, तर त्याच म्हणाल्या, "कुटनं आलीस तू? हितली दिसत न्हाईस."

पालक्काडच्या बाईच्या तोंडून माझ्या मामांची भाषा ऐकून मी हसले, आणि मग बोलणं सोपं झालं. यजमान इथे कारखान्यात फिटर होते, तेव्हा आधी त्यांच्या सोबत्यांसाठी डबे केले, मग ही खानावळ. मराठी त्या भाजीवाल्या बायकांकडून शिकल्या.

"दोनशे मानसं करीन," त्या म्हणाल्या. "कांदा-लसूण नको असंल तर तसं करीन. गावच्या पंगतीला मी कधी गेले न्हाई, कुनी बोलावलं न्हाई. पन कमी पडनार न्हाई. एकच हाय. पानात वाया घालवायचं न्हाई. ह्यान्ला लय राग येतो." त्यांनी कृष्णनकडे बोट दाखवलं. कृष्णननी गंभीरपणे मान हलवली.

डबे बांधून मी इंदुरीला आणले. मामी वाढायला बसल्या. मामांनी अवियल दोनदा मागून घेतलं, पण लालसर जाड भात बोटांत धरून म्हणाले, "ह्यो तांदूळ हाय का खडी?"

"पप्पा."

"बाकी झ्याक हाय. पन मावळात साखरपुडा, आन इंद्रायणीचा दाणा पानात न्हाई, हे मला जमनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणी तांदळाची पिशवी स्कूटीला अडकवून मी परत उर्से गाठलं. चेचींनी मूठभर शिजवून पाहिला. "चिकट हाय. सांबार आत शिरत न्हाई," त्या म्हणाल्या. मग वाफेवर नाक नेलं आणि थांबल्या. "ह्याचं पायसम करते. तुझ्या मामाला सांग, सगळ्यात शेवटी, सगळ्यात गोड जागी त्याचा तांदूळ हाय."

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. आचाऱ्याला नाही म्हणून निरोप गेला. आणि मग पहिल्यांदा मला भीती वाटली, कारण आता ते जेवण शुभांगीचं राहिलं नव्हतं. ते माझं झालं होतं.

पुन्हा इंदुरी

साखरपुडा छान झाला. पण मी अंगठ्यांकडे पाहिलं नाही, मंडपाच्या मागच्या चुलींकडे पाहत होते. पहिली पंगत मुलाकडच्या मंडळींची. मधोमध मुलाचे वडील, त्यांच्या शेजारी मान म्हणून आमचे तात्या, म्हणजे मामांचे चुलते, गावातलं सर्वांत वडीलधारं माणूस. कृष्णन आणि त्यांचे दोघे सोबती बादल्या घेऊन निघाले. पानं सुंदर मांडली गेली. "ह्ये काय म्हनायचं?" "ह्ये अवियल म्हनं." लोक चवीने खात होते. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मग दुसरी फेरी सुरू झाली.

"सांबार?" कृष्णननी मुलाच्या वडिलांना विचारलं.

"नको नको," ते म्हणाले आणि त्यांनी पानावर हात धरला.

कृष्णन पुढे गेले.

हात तसाच हवेत राहिला. मग हळूच मांडीवर गेला. तात्यांचंही तेच झालं. त्यांच्या पुढच्याचंही. पानापासून वीतभर अंतराने हात वर होत होते, 'नको' म्हटलं जात होतं, आणि उर्सेतल्या त्याच वेगाने बादल्या पुढे सरकत होत्या. ओळ संपली. पानं कोरडी झाली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. उठावं तर यजमानांचा अपमान, बसावं तर पानात नुसता कोरडा भात.

"वाढायला आलं आन गेलं बी," तात्या शेजाऱ्याला म्हणाले. ते कुजबुजत होते, पण तात्यांची कुजबुज गढीपर्यंत जाते.

मामा खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. जेवण कमी पडलं असंच त्यांना वाटत होतं. शुभांगी शालू सावरत माझ्याकडे पाहत होती. मागे सांबाराची पातेली काठोकाठ भरलेली होती, मी स्वतः पाहिली होती.

आणि मला तो ट्रकचालक आठवला, त्याचं भरलेलं पान आठवलं आणि माझं स्वतःचं 'नको' आठवलं. ते माझ्या एकटीच्या स्वभावातलं नव्हतं. ते या सगळ्या ओळीचं होतं. आमच्यात पहिलं नको ही पाहुण्याची रीत असते, दुसरं यजमानाची परीक्षा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की जेवण सुरू होतं. कृष्णनच्या खानावळीत नको म्हटलेल्याला वाढणं म्हणजे अन्न वाया घालवणं.

मी एका वाढप्याच्या हातातली बादली घेतली. पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे पाहत होते, हे मला दिसत होतं आणि त्याचं काही करता येत नव्हतं.

"काका, थोडं सांबार," मी मुलाच्या वडिलांना म्हणाले.

"नको, पुरे."

"थोडंसंच. शुभांगीने स्वतः ठरवलेलं जेवण आहे."

"नको नको, बास झालं."

"मग नुसती चव. माझ्या हातून."

"बरं, वाढ एवढी. तुझा मान." त्यांनी भातात आळं केलं आणि मी दोन पळ्या वाढल्या. तिसरीला त्यांनी हातही आडवा धरला नाही.

"मला न्हाई का मान?" तात्या म्हणाले.

तात्यांना वाढून मी कृष्णनना बाजूला घेतलं. "तीन बार पूछना है. तीसरी बार भी नको बोले, तब नको."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले जणू मी त्यांना सांबारात साखर टाकायला सांगितली. "एक बार ना बोला तो ना. खाना फेंकेगा तो?"

"कोणी फेकणार नाही. हात पानाच्या वर असला तर वाढायचं. अंगच पानावर वाकवलं, तर पुढे जायचं."

एवढं मला कसं माहीत होतं कोण जाणे. न बोलणारी माणसं लग्नाकार्यात दुसऱ्यांचे हातच पाहत बसतात.

कृष्णन बादली घेऊन पहिल्या पानापाशी गेले आणि एका दमात म्हणाले, "सांबार-सांबार-सांबार?" पंगत हसली. मी मागून सांगितलं, दर वेळी काहीतरी कारण द्यायचं. मग त्यांना सूर सापडला. "घर का नारियल है." "नको." "बीवी ने रात से जाग के बनाया है." "नको हो." "नहीं लेंगे तो वो मेरे को डांटेगी." ह्यावर मुलाकडच्या एका मावशींनी पान पुढे सरकवलं. "वाढा मग. तुमचा संसार मोडायला नको."

त्यानंतर ती पंगत उठेना. अवियल संपवून परत मागवलं गेलं. पायसम आलं तेव्हा तात्यांनी एक घोट घेतला, पान थोडं तिरकं केलं आणि विचारलं, "ह्यो तांदूळ कुनाचा?"

"आपल्याच खाचरातला, तात्या," मामा म्हणाले. आता ते खांब सोडून पुढे आले होते.

"मग गुळाची खीर म्हना की सरळ. आपलीच हाय." त्यांनी मोजून तीन वेळा नको म्हटलं आणि चार वेळा पायसम घेतलं. मुलाचे वडील हात धुताना मामांना म्हणाले, "पाटील, लग्नाचं जेवण आता तुम्हीच सांगा, आम्ही सांगायला धजत न्हाई." मामांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. ते एकदम उंच झाल्यासारखे दिसले.

शेवटची पंगत घरच्यांची. मामी, शुभांगी, मी. चेची चुलीपाशी भांडी गोळा करत होत्या. मामींनी त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. "तुमी हितं बसा. आता ह्ये वाढतील." आणि मामांनी खरंच बादली उचलली. यजमानाने शेवटच्या पंगतीला स्वतः वाढायचं, ही त्यांची रीत.

"चेची, पायसम?"

"बास," चेची म्हणाल्या.

"असं कसं. रातभर राबलात," म्हणून मामांनी एक पळी वाढली. चेचींनी ती संपवली, कारण पानात टाकणं त्यांच्याकडे नाही. मामा परत आले. "नको," चेची म्हणाल्या. "माज्या शेतातला तांदूळ हाय," म्हणून दुसरी पळी. चेचींनी तीही संपवली, जरा हळू. मामा तिसऱ्यांदा वाकले. चेचींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मामा, थांबा," मी म्हणाले. "त्यांचं पहिलं नको म्हणजेच नको."

मामा पळी वर धरून उभे राहिले. पायसमचा थेंब परत बादलीत पडला. त्यांनी चेचींकडे पाहिलं, पलीकडे कपाळावर हात मारून बसलेल्या कृष्णनकडे पाहिलं, मग माझ्यापुढे आले.

"आन तुजं कोन्तं नको खरं असतं गं?"

"मला वाढा," मी म्हणाले. "एकदाच विचारलंत तरी चालेल."